मोरीजवळचं मडकं

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात माझ्या भाड्याच्या खोलीत मोरीलगतचा कोपरा त्याचा. खोली दहा बाय दहाची. पलंग, शेगडी, कपाट मांडून झालं की हातभर जागा उरते. तिथे एका फुटक्या घमेल्यात ओली रेती, आणि रेतीत बूड रुतवून बसलेलं ते. तोंडावर ओलं फडकं.

काम एकच, पण दोन पाळ्यांत. रात्री त्यात ज्वारीचं पीठ भिजतं, आंबतं. सकाळी कण्या शिजत आल्या की ते आंबवण त्यांत ओतून घोटायचं, मीठ घालायचं, आणि निवलेली आंबील पुन्हा त्याच्याच स्वाधीन करायची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. स्टीलच्या पातेल्यात ठेवलेली आंबील दुपारपर्यंत फसफसून जिभेला झोंबते. मडक्यातली संध्याकाळी चारलाही पिण्याजोगी असते.

त्याचा स्वभाव घाम गाळण्याचा. पाठीवर हात फिरवला की तळवा ओला होतो. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. बाहेरून उष्णता आलीच नाही असं धरलं, तर शंभर मिली पाणी उडाल्यावर दहा लिटर पाणी जवळपास सहा अंशांनी उतरतं. बाहेरून धग येत राहते म्हणून त्यालाही गाळत राहावं लागतं. रेती वाळू दिली, कोपऱ्यातला वारा अडवला की ते रुसतं. म्हणून खिडकी आणि मडकं यांच्या मधे मी काही ठेवत नाही, पुस्तकांची पेटीसुद्धा पलंगाखाली गेली.

फ्रीज घ्या, असं पुष्कळांनी सुचवलं. पण फ्रीजच्या थंडीत आंबवण पार झोपी जातं. मडकं त्याला जागं ठेवतं, फक्त धावू देत नाही. आंबिलीला तेवढंच हवं असतं, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पहिल्या उन्हाळ्यात मी त्याच्या आधीच्या मडक्याचा घात केला. दिसायला छान म्हणून त्यावर निळा ऑइलपेंट फासला, पांढरी वेलबुट्टी काढली. दुसऱ्या दिवशी पाठ कोरडी ठणठणीत, आत फेस, आणि आंबील तोंडात घेववेना. शेजारच्या काकूंनी पाठीवर बोट फिरवून पाहिलं. ‘‘त्याले रंग काहाले लावला बाई? जीव कोंडला ना त्याचा.’’ नवं मडकं आणलं तेव्हा त्यांनीच ते दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायला लावलं. साबण लावायचा नाही, मातीत मुरतो. राख, नारळाची शेंडी, गरम पाणी, मग ऊन.

या तालुक्यात आंबवण्याचे असे कोपरे बऱ्याच घरांत दिसतात. सुंदरनगर, विवेकानंदपूरकडे पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांत रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतात. सकाळी तो पांता भात कांदा-मिरचीशी खातात. माडिया आदिवासी शेतकरी पेज वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून रानात नेतात. तुंब्याची जाड, हलकी साल ऊन आत शिरू देत नाही. तुंबा चालणारा, मडकं बसणारं, पण गोत एकच.

गडचिरोलीत मडक्यात काही आंबतंय म्हटलं की दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा आठवतोच. जिल्ह्यात 1993पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे गावोगावच्या बायांचा लढा आहे. ज्या घरात दारू चढायची त्या घरात पहिला मार बाईच्या अंगावर पडायचा, म्हणून त्या उठल्या. त्यांच्या बाजूनेच मी उभी आहे. पण त्या सडव्यापायी आंबिलीच्या मडक्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहू नये. तेंदूपत्ता तोडून, बारा वाजता डोक्यावर ऊन घेऊन परतणाऱ्या बाईला ते पहिला घोट देतं.

पावसाळ्यात मात्र त्याचं काही चालत नाही. हवाच ओलीचिंब, घाम उडणार कुठे? रेती ओली ठेवली तरी आंबील आंबटढाण होते. मग पीठ वाटीभरच भिजवायचं, तेही पातेल्यात, आणि सकाळीच संपवायचं.

सध्या ऑगस्ट चालू आहे. मडकं धुऊन, श्रावणातलं मिळेल तेवढं ऊन दाखवून फळीवर पालथं घातलंय. काल झाडलोट करताना उचललं आणि तोंडाशी नाक नेलं. आत थेंब नव्हता, पण मातीला उन्हाळ्यातला आंबूस वास तसाच होता.