बारा मिनिटांचं माप

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं ग्राउंडवर येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच आकडा असतो: सोळाशे मीटर. मुलींच्या डोक्यात आठशे. अंतर ठरलेलं, वेळ कमीत कमी. मी त्यांना याच्या उलट धावायला लावते. वेळ ठरलेली, बारा मिनिटं. अंतर ज्याने त्याने आपल्या दमावर कापायचं. शिटी वाजली की सगळ्यांची धाव एकाच क्षणी संपते. मागे राहिलेल्या मुलाला सगळ्यांच्या नजरा झेलत उरलेला राऊंड एकट्याने पुरा करावा लागत नाही. ही चाचणी मला आवडते, त्याचं पहिलं कारण हेच.

ती केनेथ कूपर यांची. अमेरिकी हवाई दलात ते डॉक्टर होते. पूर्ण जोर लावून पळताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं हे नेमकं मोजायचं, तर ट्रेडमिल लागते, तोंडाला मुखवटा लावून श्वासातली हवा तपासावी लागते, आणि एका वेळी एकाचीच तपासणी होते. कूपर यांनी हवाई दलातल्या ११५ पुरुषांची दोन्ही मापं घेतली, मैदानावरची आणि ट्रेडमिलवरची. ती बरीच जुळतात, हे त्यांनी १९६८ मध्ये मांडलं. सूत्र सोपं आहे: मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करायचे, उरलेल्याला ४४.७३ ने भागायचं. २४०० मीटर, म्हणजे चारशेचे सहा राऊंड झाले, तर उत्तर येतं सुमारे ४२.४. वजनाच्या दर किलोमागे, दर मिनिटाला, इतके मिलिलिटर ऑक्सिजन.

एवढा वेळ पळवायचं कारण शरीरात आहे. सुरुवातीला ऑक्सिजनचा पुरवठा मागणीच्या मागे असतो. स्नायू तेवढ्यापुरती दुसरीकडून ऊर्जा काढतात. तो साठा लवकर आटतो. त्यापुढचं बहुतेक अंतर हृदय आणि फुप्फुसांच्याच बळावर कापावं लागतं.

कापलेलं अंतर हेच दमाचं माप, म्हणून ते चोख हवं. मी टेपने ट्रॅक मोजून घेते, फक्कीने दर पन्नास मीटरवर खूण करते आणि सगळ्यांना आतल्या कडेनेच पळवते. बाहेरून पळणाऱ्याचं अंतर नकळत वाढतं. प्रत्येक धावणाऱ्यामागे राऊंड मोजणारा एक जोडीदार असतो. वेळ सकाळची, ग्राउंड तेच. एप्रिलच्या उन्हातला आकडा डिसेंबरच्या गारव्यातल्या आकड्याशेजारी ठेवून काहीच कळत नाही. जो नुकताच पळायला लागलाय, त्याला मी आधी काही आठवडे नुसतं सावकाश पळवते, कारण इथे शरीराला पुरता जोर लावावा लागतो.

पण माझी नजर असते ती दर राऊंडच्या वेळेवर. नवीन मुलगा पहिला राऊंड दीड मिनिटात मारतो आणि चौथ्याला त्याचे पाय जड होतात. त्याचा कमी आलेला आकडा दम कमी असल्याचं सांगतो की दम कसा पुरवायचा हे कळत नसल्याचं? सूत्राला हा फरक दिसत नाही. दोघांचा दम सारखा असला तरी ज्याची धाव सुटसुटीत, तो पुढे जातो. हेही सूत्राला दिसत नाही. त्यामुळे पहिली चाचणी मी सराव म्हणून घेते आणि वहीत दुसरीपासून लिहिते.

पुढे कुणी दोनशे मीटर जास्त पळाला, तर सूत्राने त्याचं माप साडेचारच्या आसपास वाढतं. "मॅडम, दम वाढला ना?" तो विचारतो. मी दोन्ही वेळचे राऊंड त्याच्यासमोर ठेवते. तेव्हाही आणि आताही पहिल्यापासून शेवटच्या राऊंडपर्यंत चाल एकसारखी असेल, तर आठवडेच्या आठवडे केलेल्या मेहनतीने दम वाढलाय. फक्त सुरुवातीची घाई गेली असेल, तर अंदाज सुधारलाय. भरतीच्या दिवशी दोन्ही कामाला येतात, पण दोन्हींचा सराव वेगळा. उद्यापासून लांब पल्ला पळायचा की ठरल्या गतीचे राऊंड मारायचे, हे त्या उत्तरावर ठरतं. ते उत्तर त्याला स्वतःला वहीतून वाचता यावं, यासाठीच मी ही चाचणी घेते.