जामीनदाराचं फावडं

"मामा, बोर्ड घ्यायचाय," भाचा म्हणाला तेव्हा मी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "कसला?" बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला बोर्डाचे तीनच अर्थ ठाऊक असतात : दहावीचं बोर्ड, संचालकांचं बोर्ड आणि 'चौकशी शेजारच्या खिडकीवर करावी' हा बोर्ड. यांपैकी एकही विकत घेण्याची गोष्ट नाही.

"स्नोबोर्ड. फेब्रुवारीत गुलमर्गला चाललोय. यंदा खोल पावडरमध्ये जायचंय."

"पावडर कपाटात खालच्या फळीवर आहे!" आतून सौ. ओरडली.

मग त्याने आम्हा दोघांना समजावलं. पावडर म्हणजे ताजं, कोरडं, भुसभुशीत बर्फ. त्यात नुसता पाय ठेवला तर माणूस मांडीपर्यंत आत जातो. गुलमर्ग आहे सुमारे २,६५० मीटरवर. तिथून गोंडोला दोन टप्प्यांत अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. तिथून दोन्ही पाय एकाच फळीला बांधून, आडवं उभं राहून खाली यायचं. हातात काठीसुद्धा नाही. यासाठी लोक स्वतःचे पैसे खर्च करतात!

पैशांचा विषय निघणार हे मला ठाऊक होतंच, कारण आदल्या रात्री बहिणीचा फोन आला होता. "दादा, तो माझं ऐकणार नाही. तू बँकेतला माणूस. काय ते नीट बघून दे." बहिणीच्या मते बँकेतल्या माणसाला सगळं नीट बघता येतं. मी कर्जाची फाईल तपासावी तशी त्याची यादी तपासायला घेतली.

आता तुम्हीच सांगा, मध्यमवर्गीय माणसाचा खरेदीचा नियम कोणता? वस्तू एकच घ्यावी, ती सगळीकडे चालावी आणि एक माप मोठी असावी. शाळेची हाफपँट मी चौथीत घेतलेली सहावीपर्यंत वापरली. म्हणून म्हटलं, "थोडा मोठाच घे. पुढे उपयोगी पडेल."

"मामा, मी आता वाढणार नाही. आणि बोर्ड उंचीवर नाही, वजनावर घ्यायचा असतो. तुझं वजन किती?"

"बहात्तर."

"एक्क्याऐंशी," आतून आवाज आला.

"घरात बहात्तर चालेल. बर्फाला खरं सांगावं लागतं," भाचा म्हणाला.

पुढची परीक्षा पायाची. डावा पाय पुढे ठेवणारे 'रेग्युलर', उजवा ठेवणारे 'गूफी'. आपण कोण हे कळण्यासाठी मागून कुणीतरी बेसावध ढकलायचं आणि तोल सावरायला कुठला पाय पुढे पडतो ते पाहायचं. हे काम सौ.ने इतक्या उत्साहाने केलं की माझे दोन्ही पाय एकदमच पुढे पडले आणि मी दिवाणावर पोचलो.

मग बोर्डाचे प्रकार. साध्या बोर्डाची दोन्ही टोकं सारखी असतात. तोंड कुठलं आणि शेपूट कुठली ते कळत नाही. असे दोन अधिकारी आमच्या शाखेतही होऊन गेले. कडक, दाबलेल्या बर्फावर हा बोर्ड उत्तम. पण भुसभुशीत बर्फात त्याचं नाक खाली घुसतं आणि मालक पुढच्या पुढे कोलांटतो. नाक वर राहावं म्हणून मग मागच्या पायावर भार द्यायचा, की अर्ध्या तासात मांडी पेटते. पावडरच्या बोर्डाचं नाक म्हणूनच रुंद आणि होडीसारखं वर वळलेलं, शेपूट अरुंद, कधी माशासारखी दुभंगलेली. पाय बांधायच्या जागाही मध्यापासून थोड्या मागे. शेपूट आपसूक खाली बसते, नाक आपसूक वर येतं. आयुष्यात नाक वर ठेवायचं तर बैठक मागे हवी, हे मला पटलं. फक्त किंमत पटेना. पन्नास हजारांच्या पुढे!

तरी मंजूर करायच्या बेतात होतो. तेवढ्यात यादीचं मागचं पान उलटलं. तिथे तीन कलमं होती : ट्रान्सीव्हर, लांब घडीची काठी आणि फावडं. मी लाल पेन्सिल काढली.

"फावडं कशाला? बर्फ उपसायला जातोयस का?"

भाचा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "हिमकडा सुटला तर. ट्रान्सीव्हर अंगावर बांधायचा, तो सतत संदेश सोडत राहतो. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापला यंत्राचा खटका 'शोध'वर करायचा, जवळ पोचलं की काठी खुपसून पाहायचं आणि खणायचं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर माणूस बहुधा वाचतो. त्यानंतर आशा भराभर कमी होते."

फेब्रुवारी २०२३ मध्ये याच अफरवटच्या उतारावर हिमकडा कोसळून पोलंडचे दोन पाहुणे गेले होते. ती बातमी मी वाचली होती आणि चहा पीत पान उलटलं होतं.

"म्हणजे हे फावडं तुझ्यासाठी?"

"नाही मामा. मी गाडलो गेलो तर माझं फावडं माझ्याबरोबरच आत. माझं फावडं मित्रासाठी, मित्राचं माझ्यासाठी."

माझी लाल पेन्सिल थांबली. कारण ही भाषा मला कळत होती. बोर्ड हा कर्जदार : नाक वर करून पुढे धावणारा. आणि हे फावडं म्हणजे जामीनदार! मी एकदाच एका सहकाऱ्याला जामीन राहिलो होतो. त्याचे अकरा हप्ते मी भरले आणि पुन्हा कुणासाठी सही करायची नाही अशी शपथ घेतली. तेव्हापासून माझी समजूत अशी की, जामीनदार म्हणजे कर्ज न घेता फेडणारा मूर्ख. इथे तो मूर्ख नसला तर गडी जिवंत घरी येत नव्हता.

"मित्राने घेतलंय का हे सगळं?"

"त्याचं बजेट बोर्डातच संपलं."

"मग तुझा जामीनदार कोण?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. कर्ज नामंजूर करताना मी नेहमी चष्मा काढतो. तसा काढला आणि शेरा सांगितला : बोर्ड गुलमर्गला भाड्याने घ्यायचा, पावडरचाच, आणि वजन खरं सांगून. बूट स्वतःचे, कारण टाच आत उचलली गेली तर कुठलाच बोर्ड ऐकत नाही. वर जाताना माहितगार गाईड. उरलेल्या पैशांत ट्रान्सीव्हर, काठी, फावडं, दोन संच. दुसरा संच मित्राचा, माझ्याकडून. आणि सराव माझ्यासमोर.

सराव रविवारी झाला. आमच्या सोसायटीच्या मागे बांधकामाच्या वाळूचा ढीग आहे. ट्रान्सीव्हर लपवायचं काम माझ्याकडे होतं. नव्या वस्तूत वाळू जाऊ नये म्हणून मी तो माझ्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घालून, कड्या लावून पुरला. पोरं वीस मिनिटं ढीगभर फिरली. शेवटी डबा निघाला तेव्हा भाच्याने कपाळावर हात मारला. "मामा, धातूत संदेश अडकतो रे! आणि मोबाईलसुद्धा यापासून लांब ठेवायचा."

दुसऱ्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत पुरला. मित्राने चार मिनिटांत काढला. मग भाच्याने. मग पुन्हा मित्राने. मी मनगटावरचं घड्याळ बघत होतो आणि चार मिनिटं किती लांब असतात ते मला कळत होतं.

एवढ्यात वॉचमन आला. दोन तरणी पोरं आणि एक पोक्त माणूस वाळू उकरताहेत हे पाहून त्याने अदबीने विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?"

"नाही," मी म्हटलं, "हरवू नये म्हणून चाललंय." आणि भाच्याच्या हातातलं फावडं घेऊन त्याच्या मित्राच्या हातात दिलं. "हं, पुन्हा एकदा. आता तीन मिनिटांत."