माझ्याकडे तर चालते!

‘माझ्याकडे तर चालते!’ हे तीन शब्द ऐकावे लागले नाहीत असा आज्ञावल्या दुरुस्त करणारा मनुष्य शोधूनही सापडावयाचा नाही. बोलणारा बहुधा खोटे बोलत नसतो. त्याने लिहिलेली आज्ञावली त्याच्या संगणकावर खरोखरच सुरळीत चालत असते. अडचण एवढीच की, जगात यंत्रे पुष्कळ आहेत आणि ती सारी एका वळणाची नाहीत. या निरनिराळ्या वळणांशी जुळवून घेण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत, आणि त्या वाया गेल्या असे मला वाटत नाही.

मी ज्या आज्ञावल्यांची डागडुजी करतो त्यांना सर्व्हर म्हणतात. आपण फोनवर एखादे पान मागतो, तेव्हा दूर कोठेतरी एक यंत्र ती मागणी ऐकते व पान पाठवून देते. हे ऐकण्याचे व पाठविण्याचे काम सर्व्हर करतो. त्यांतील कित्येक ‘ओपन सोर्स’, म्हणजे खुल्या मजकुराचे असतात. त्यांच्या मूळ आज्ञा कोणालाही वाचता येतात, बदलता येतात आणि सुधारलेली प्रत दुसऱ्यास देता येते. त्यासाठी कोणाची ओळखचिठ्ठी लागत नाही. बेळगावच्या मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला या कामात हात घालता आला, तो याच कारणाने.

एकदा अशाच एका लहानशा, जुन्या सर्व्हरविषयी कोणाची तक्रार माझ्या वाचनात आली. तो सुरू होतो, कसलीही कुरकुर करीत नाही. परंतु त्याच्याकडे पान मागावे तर उत्तर मिळत नाही. मूळ लेखकाचे उत्तर या लेखाच्या शिरोभागी दिलेच आहे. मी तो माझ्या यंत्रावर चालवून पाहिला, तर तक्रार खरी निघाली. प्रत्येक यंत्राला जाळ्याच्या बाजूने क्रमांक घातलेली दारे असतात, आणि साध्या वेबपानांची मागणी ठरावाप्रमाणे ८० क्रमांकाच्या दारावर येते. हा सर्व्हर तेथे नव्हताच. उघडी दारे एकेक करून तपासली, तेव्हा स्वारी २०४८० क्रमांकाच्या दाराशी पाहुण्यांची वाट पाहत निमूट बसलेली आढळली!

८० चे २०४८० कसे झाले? दाराचा क्रमांक दोन घरांत लिहिला जातो. प्रत्येक घरात ० पासून २५५ पर्यंतची संख्या मावते, आणि मोठ्या घरातील अंकाची किंमत २५६ पट धरतात. आपल्या दशमान पद्धतीत दहम् स्थानाची किंमत दहापट धरतात, तसेच हे. ८० लिहावयाचे तर मोठ्या घरात ० आणि लहान घरात ८०. वाचणाऱ्याने घरांची अदलाबदल केली की ८० गुणिले २५६, म्हणजे बरोबर २०४८०. जुनी स्पार्क जातीची यंत्रे मोठे घर आधी मांडीत. इंटेलची यंत्रे लहान घर आधी मांडतात. जाळ्यावरून जाताना मोठे घर आधी, असा सर्वमान्य ठराव आहे. मूळ लेखकाचे यंत्र पहिल्या जातीचे होते. त्याची रीत आणि जाळ्याची रीत एकच पडल्यामुळे आज्ञावलीतील उणीव त्याला कधी दिसलीच नाही.

आम्हां बेळगावकरांना यात नवल वाटू नये. खडेबाजारात मराठी दुकानदार ‘पंचवीस’ म्हणतो, तेव्हा पाच आधी उच्चारतो व वीस मागाहून. शेजारचा कन्नड दुकानदार ‘इप्पत्तैदु’ म्हणतो, तेव्हा वीस आधी व पाच मागाहून. दोघांचाही हिशेब चोख असतो. एकाच्या रीतीने सांगितलेले दुसऱ्याच्या रीतीने टिपून घेतले, तरच घोटाळा होतो. डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने १९८० साली या दोन रीतींच्या भांडणावर एक लेख लिहिला. दोन्ही पक्षांना त्याने दिलेली नावे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधील, अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून झगडणाऱ्या लोकांवरून घेतलेली होती. कोणती रीत पत्करली यापेक्षा सर्वांनी एकच पत्करणे महत्त्वाचे, हा त्या लेखाचा मथितार्थ.

माझी दुरुस्ती एका शब्दाची होती. यंत्राच्या रीतीने मांडलेली संख्या जाळ्याच्या रीतीत आणणारी ‘एचटॉन्स’ नावाची एक तयार सोय आहे. दोन्ही रीती एकच असतील तेथे ती काही करीत नाही. भिन्न असतील तेथे घरांची अदलाबदल करते. ८० च्या जागी मी नुसते २०४८० लिहिले असते, तरीही माझ्या यंत्रावर सर्व्हर चालला असता. परंतु मग तो लेखकाच्या यंत्रावर बंद पडला असता, आणि ते तीन शब्द उच्चारण्याची पाळी माझ्यावर आली असती. यंत्र कोणते, काय केले, काय दिसले आणि तो गुणाकार, एवढेच लिहून मी दुरुस्ती लेखकाकडे धाडली. त्याने ती आपल्या यंत्रावर चालवून पाहिली व मूळ मजकुरात घातली. मी कोण, कोठला, कोणत्या माध्यमातून शिकलो, हे त्याने विचारले नाही.

अशा ठिगळांतून केवढी वस्तू उभी राहू शकते, याचे उदाहरण म्हणजे अपाची हा सर्व्हर. अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत रॉब मॅककूल याने लिहिलेला सर्व्हर अनेक ठिकाणी वापरात होता. १९९४ मध्ये तो संस्था सोडून गेला आणि त्या सर्व्हरची वाढ खुंटली. वापरणाऱ्यांनी आपापल्या जागी दुरुस्त्या केलेल्याच होत्या. १९९५ साली आठ जणांच्या एका गटाने त्या गोळा करून नवा सर्व्हर सिद्ध केला. अपाची हे तेथील मूळ रहिवाशांच्या एका जमातीचे नाव. परंतु ठिगळे लावलेल्या वस्तूला असलेल्या इंग्रजी शब्दाशी त्याचा उच्चार जुळत असल्याने त्यावर विनोदही पुष्कळ झाले. आपल्या आजीच्या वाकळीप्रमाणे जोडलेली ही वस्तू वर्षभरात जगातील सर्वाधिक वापरला जाणारा वेबसर्व्हर ठरली.

तथापि मजकूर खुला असला म्हणजे तो वाचला जातोच असे नाही. सर्व्हरशी होणारे संभाषण गुप्त राखण्यासाठी ओपनएसएसएल नावाची आज्ञावली सर्रास वापरली जाते. तिच्या मार्च २०१२ च्या आवृत्तीत एक उणीव शिरली. पलीकडचे यंत्र जागे आहे की नाही हे पाहण्यासाठी ‘मी पाठविलेला मजकूर परत पाठव; त्याची लांबी अमुक’ असे सांगण्याची त्यात सोय होती. सांगितलेली लांबी खरी आहे की नाही, हे मात्र तपासले जात नव्हते. चार अक्षरे पाठवून हजारो मागितली, तर सर्व्हर आपल्या स्मरणात शेजारी पडलेले, प्रसंगी कोणाचे परवलीचे शब्दही, काढून देत असे. ‘हार्टब्लीड’ या नावाने ही उणीव एप्रिल २०१४ मध्ये जगजाहीर झाली. दोन वर्षे तो मजकूर सर्वांसमोर उघडा होता, आणि सांभाळणारी माणसे अगदी मोजकी होती. दुरुस्ती झाली ती लांबी तपासणाऱ्या थोड्याशा ओळींची.

विद्यार्थी मित्रहो, नवी आज्ञावली लिहिणाऱ्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्याने लिहिलेले शांतपणे वाचणारा, त्यातील उणीव सौजन्याने व पुराव्यासह दाखविणारा, आणि आपली दुरुस्ती परक्याच्या यंत्रावरही टिकेल ना, हे पाहिल्यावाचून हात न उचलणारा मनुष्य फार थोड्या ठिकाणी भेटतो. त्यासाठी लागणारे गणित तुम्ही शाळेत शिकतच आहात, आणि एकच संख्या दोन रीतींनी सांगितलेली तर आपण रोज बाजारात ऐकतो. उरते ती चिकाटी. ती तुमच्यापैकी एखाद्याने धरली, तर दूर कोठेतरी अडून बसलेला एखादा सर्व्हर योग्य दाराशी येऊन उभा राहील.