जीवदयेचा वर्षभराचा हिशेब

जीवदयेच्या खात्यावर आपला समाज हात आखडता घेत नाही. पर्युषणात, तपस्येच्या पारण्याला, वडीलधाऱ्यांच्या पुण्यतिथीला पांजरापोळाच्या नावाने पावती फाडली जाते. ही परंपरा जुनी आहे. मुंबईचे पांजरापोळ 1834 साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने उभे राहिले, आणि तेथील व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने आकारणी करून ते चालवले. त्यांना ठाऊक होते की जनावर एकदा सोडवले जाते, पण खाते रोज.

बँकेच्या नोकरीत असताना ग्रामीण शाखेतून बैलजोडीसाठी कर्जे मंजूर करण्याचे काम माझ्याकडे असे. त्या काळी बैल ही शेतकऱ्याची मालमत्ता होती; थकला तरी बाजारात त्याची काही किंमत येई आणि तिच्यात भर घालून नवा बैल घेतला जाई. 1976 च्या कायद्यात दुरुस्ती होऊन मार्च 2015 पासून राज्यात गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. आपण सर्वांनी त्या निर्णयाचे मनापासून स्वागत केले आणि ते योग्यच होते. मात्र बैल वाचला, त्या दिवसापासून त्याच्या चाऱ्याचे बिल कोणाच्या नावे पडले, हे आपण फारसे विचारले नाही. ते पडले कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. ज्वारीबरोबर कडबा गेला. उरले सोयाबीनचे कुटार. मशागतीला ट्रॅक्टर आला. मागे एका आडत दुकानात भेटलेला ओळखीचा शेतकरी म्हणाला, "साहेब, बैल इकता येत नाही अन् पोसताही येत नाही. पंधरा वर्सं राबला, त्याले रस्त्यावर कसा सोडू?" पांजरापोळात जागा मिळेल का, एवढेच त्याला विचारायचे होते.

आता हिशेब पाहू. राज्य शासनाने 2024 मध्ये गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज प्रत्येकी 50 रुपये अनुदान जाहीर केले. प्रत्यक्ष खर्च त्याहून अधिक येतो. तरी तोच आकडा धरला तर एका जनावराचे वर्षाला 18,250 रुपये होतात. काम थांबल्यावर बैल सहा वर्षे जगला, तर 1,09,500 रुपये. हीच रक्कम 7 टक्के व्याजातून कायम मिळावी असे वाटत असेल, तर सुमारे 2 लाख 61 हजारांची ठेव हवी. आपली एक हजार एकची पावती म्हणजे वीस दिवसांचा चारा.

म्हणून सुचवावेसे वाटते की, जनावर पांजरापोळाच्या फाटकाशी येण्याआधीच मदत गोठ्यापर्यंत पोहोचावी. ज्या घरात तो बैल वाढला, तेथे गोठा आहे, पाणी आहे, माया आहे; उणीव आहे ती चाऱ्याची. चार कुटुंबांनी मिळून एका शेतकऱ्याच्या एका बैलाचा चारा उचलला, तर पांजरापोळातील एक जागा खरोखर निराधार जनावरासाठी मोकळी राहते. सुगीनंतर कडबा स्वस्त असतो, वैशाखात तोच महागतो. खरेदीची ही वेळ व्यापाऱ्याला शिकवावी लागत नाही. ज्यांच्या जिनिंग वा तेल गिरण्या आहेत, त्यांनी सरकी ढेप मूळ भावात द्यावी. गावात एक कडबाकुटी यंत्र दिले, तर वाया जाणारा चारा वाचतो. आजारी जनावरासाठी 1962 हा शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा निःशुल्क क्रमांक आहे; तो दुकानात दिसेल असा लावावा.

घरी ठेवणे अशक्यच असेल, तर पांजरापोळ आहेच. मात्र तेथे आधी विचारून, रीतसर नोंद करून आणि जमेल तेवढा चारा बरोबर देऊन जनावर सोपवावे. रात्री फाटकाला बांधून जाणे किंवा रस्त्यावर मोकळे सोडणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. जनावर उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आपल्या शास्त्रातही अन्नपाननिरोध हा अहिंसा अणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. तो केवळ मालकाला लागू आहे, असे मानून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून धर्मादाय कापण्याची रीत होती. आता तो आपल्या आडतीतून काढावा, आणि वर्षाच्या शेवटी जीवदयेच्या खात्यात किती रुपये जमले याबरोबरच किती जनावरे किती दिवस पोसली गेली, हेही सभेत वाचून दाखवावे.