कुप्याचं सॅलड

परवा नातीने फर्मान सोडलं, "आज्जी, ताजा टूना आण. सॅलड करू. मासा आतून कच्चा ठेवायचा हं!"

टूना म्हणजे आपला कुपा. आमच्या कांजूरमार्गच्या घरात तो आजवर तिखल्यातच शिजला. त्यातून मासे निवडणं हे यांचं खातं. हे गेल्यावर चार वर्षं मी मासळीबाजाराकडे फिरकले नव्हते.

कोळणीने लगेच ओळखलं. "बाई, किती दिवसांनी! साहेब नाय आले?"

मी म्हटलं, "बर्फातला दे." एवढंच सुचलं.

यांच्यासारखं बोटाने दाबून पाहिलं. मांस घट्ट, कल्ले लालभडक. कुपा बर्फाशिवाय राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. (मास्तरकी सुटत नाही!)

मीठ-मिरी लावून दोन बोटं जाड तुकडा धुरावल्या तव्यावर टाकला. दोन्हीकडून मिनिट-मिनिटभर. कापला तर कड तपकिरी, आत लालबुंद! खाली काकडी, कांदा, कोथिंबीर, वरून लिंबू.

मी डोळे मिटून एक काप खाल्ला. बरा होता. उरलेले माझ्या वाटचे गुपचूप पुन्हा तव्यावर टाकले.

"आज्जी, चीटिंग!" नात ओरडली.

रविवारी बांगडे आणायचं ठरलंय.