पाणी कोण घालणार?

विक्रेता दारात उभा राहिला की मध्यमवर्गीय माणूस आधी ‘नको’ म्हणतो आणि मग त्याने काय आणले आहे ते पाहतो. मी आयुष्यभर दाराच्या आतून ‘नको’ म्हणत आलो. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र मी दाराच्या बाहेर उभा राहिलो.

त्याचे असे झाले. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. पण तासिका तत्त्वावर. जितके तास, तितके मानधन. मे महिन्यात तास नसतात, म्हणून मानधनही नसते. वाण्याची उधारी मात्र उन्हाळ्याची सुट्टी घेत नाही! अशा दिवसांत एक जुना विद्यार्थी भेटला. मराठीत 38 गुण मिळवून कसाबसा पैलतीर गाठलेला हा गृहस्थ आता उरुळी कांचनजवळ नर्सरी चालवतो आणि लोकांना बागा तयार करून देतो. म्हणाला, “सर, झाडं माझ्याकडे आहेत, बोलणं तुमच्याकडे. कामं आणा, शेकडा आठ तुमचे.”

पगार नाही, पेट्रोलचा खर्च नाही. तरी मी आनंदाने घरी आलो. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “शेकडा आठ कशावर? आणि हातात कधी येणार?”

साहित्याच्या माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत. तिच्या आग्रहाने कागद झाला: कर वगळून होणाऱ्या बिलावर 8 टक्के, निम्मे ग्राहकाने आगाऊ रक्कम दिल्यावर, निम्मे बिल चुकते झाल्यावर, आणि त्याच ग्राहकाने वर्षभरात पुन्हा काम दिले तर त्यावरही. विद्यार्थ्याने हसत सही केली. आमचे गुरुशिष्याचे नाते आजही शाबूत आहे, त्याचे निम्मे श्रेय मी त्या कागदाला देतो.

पहिले तीन आठवडे फुकट गेले. मी जुन्या बंगल्यांची फाटके ठोठावत होतो. तिथे बाग होती, माळी होता आणि कुत्राही होता. कोणी आत घेतलेच, तर मी वृक्षवेलींवर अर्धा तास बोलत असे. ऐकणारा हळूच घड्याळाकडे पाही. ती नजर मला परिचयाची होती. शेवटच्या बाकावर ती मी रोज पाहतो.

“सर, तुम्ही शिकवू नका, विचारा,” विद्यार्थी म्हणाला. त्याने चारच प्रश्न दिले. ऊन कोणत्या बाजूने आणि किती वेळ येते? नळ कुठे आहे? पावसाचे पाणी कुठून वाहून जाते? आणि झाडांना पाणी कोण घालणार? चौथ्या प्रश्नाला ‘बघू’ असे उत्तर आले, तर त्या घरी हिरवळ विकू नये, चाफा सुचवावा. शिवाय जुने बंगले सोडून, जिथे नुकत्याच किल्ल्या मिळाल्या आहेत आणि फरशा कापण्याचा आवाज अजून येतो आहे, अशा नव्या इमारतींत जावे.

अशाच एका इमारतीत वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांना 600 चौरस फुटांच्या गच्चीवर हिरवळ हवी होती. नातवंडे अनवाणी खेळतील, म्हणाले. अंदाज निघाला दीड लाखाचा. माझे 12,000! मुलीच्या क्लासची फी मी मनातल्या मनात भरूनही टाकली.

रात्री हिशेब करायला बसलो. सहा इंच माती म्हणजे 300 घनफूट. ओली झाल्यावर तिचे वजन 12 टनांच्या वर. ती गच्ची एवढा भार सोसेल की नाही, हे त्यांनी कोणाला विचारले नव्हते. आणि मी विचारले नाही, तर कोणीच विचारणार नव्हते. सकाळपर्यंत झोप लागली नाही. खोटे कशाला सांगू, फी सारखी डोळ्यांपुढे येत होती.

दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटले, “आधी इमारतीच्या अभियंत्याला दाखवा. तो हो म्हणाला तरच माती चढवू.”

अभियंता नाही म्हणाला. मग भिंतीलगत 20 कुंड्या ठेवल्या. बिल 9,000, माझे 720. विद्यार्थी काही बोलला नाही. त्याचे न बोलणे मला जास्त लागले. सौभाग्यवतींनी ते 720 रुपये देवापुढे ठेवले आणि एवढेच म्हणाल्या, “फीचं बघू काहीतरी.”

पावसाळा सरता सरता त्या गृहस्थांचा फोन आला. सोसायटीच्या आवारात बाग करायची होती. समितीपुढे त्यांनी माझी ओळख करून दिली: “हे विकायला येतात आणि नको म्हणून सांगतात.” काम मिळाले. फी भरली, हप्त्याने का होईना, भरली.

या वर्षी तास सुरू झाले तेव्हा मी वर्गात शिरलो आणि सवयीने तोंड उघडले. मग थांबलो. आधी विचारले, “तुमच्यापैकी कोणी कोणी काय काय वाचलं आहे?” बराच वेळ कोणी बोलेना. शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. मी घड्याळाकडे पाहिले नाही, त्यानेही नाही.