एकच चावी

भोसरीच्या एमआयडीसीत प्रेस पार्ट बनवणारा एक कारखाना आहे. २०१४ साली तिथलं वायफाय मी बसवलं. पासवर्ड २२ अक्षरांचा, कसलाच अर्थ न लागणारा. नेटवर्कचं नाव लपवलेलं, म्हणजे फोनमध्ये शोधलं तर दिसायचं नाही. शिवाय राउटरमध्ये ३८ उपकरणांचे ओळखक्रमांक, म्हणजेच मॅक अ‍ॅड्रेस मी एकेक करून हातानं भरले होते. यादीत नसलेल्या फोनला पासवर्ड माहीत असला तरी आत प्रवेश नाही. काम संपल्यावर मालकांना म्हणालो, "काका, आता निर्धास्त राहा." मनापासून म्हणालो होतो. पुढची सात वर्षं हेच वाक्य मी चाकण, तळवडे, रांजणगाव इथल्या पन्नास-साठ मालकांना ऐकवलं. आज ते मला परत घ्यायचं आहे.

माझी ती समजूत घडली २००८ साली. मी तेव्हा ठाण्यात एका कॉम्प्युटरच्या दुकानात नुकताच कामाला लागलो होतो. जुलैमध्ये अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता, आणि तो सानपाड्यात राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. त्याचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्याच्या राउटरला कुलूप नव्हतं, एवढंच. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या उघड्या वायफायवरून गेला. पुढे जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलीस अशी उघडी नेटवर्कं शोधत रस्त्यांवरून फिरले. आमच्या दुकानाचा फोन त्या दिवसांत खाली ठेवता येत नव्हता. सगळ्यांना एकच हवं होतं: आमच्या वायफायला कुलूप घालून द्या. धोका बाहेरून येतो आणि तो दारातच अडवायचा असतो, हे माझ्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं.

मग मी कुलुपांचाच अभ्यास करत राहिलो. डब्ल्यूईपी नावाच्या पहिल्या कुलपाचं गणित २००१मध्ये फोडलं गेलं, आणि २००७पर्यंत ते एका मिनिटाच्या आत उघडायला लागलं, म्हणून जिथं ते दिसलं तिथून काढलं. राउटरवर बटण दाबून जोडणी देणारी डब्ल्यूपीएस सोय असते. तिचा ८ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे तो जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. २०११च्या शेवटी हे जाहीर झाल्यापासून ती सोय मी प्रत्येक ठिकाणी बंद करत आलो. मोबाइल नंबर हाच पासवर्ड ठेवायची आपल्याकडची सवय मोडायला तर मी अक्षरशः भांडलो आहे. फोन वायफायला जोडला जाताना जी देवघेव होते, ती बाहेर गाडीत बसून टिपता येते. मग घरी नेऊन सावकाश पासवर्ड ओळखत बसायचं. राउटरला पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ने सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटी. आजचं दमदार ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त पासवर्ड तपासतं. तासाभराचं काम. यातला सल्ला तेव्हाही खरा होता आणि आजही आहे, त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

२०२१च्या पावसाळ्यात दुसऱ्या एका कामासाठी त्या भोसरीच्या कारखान्यात गेलो होतो. गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. शेजारी एक छोटा हत्ती लागलेला, आणि ड्रायव्हर सीटवर पाय वर घेऊन फोनवर कीर्तन बघत होता. फोन जुना, काच कोपऱ्यात तडकलेली. त्यानं मला ओळखलं. "साहेब, इथलं वायफाय तुम्हीच बसवलेलं ना? अजून झकास चालतंय." तो २०१६पर्यंत याच कारखान्यात स्टोअरला होता, मग नोकरी सोडून त्यानं स्वतःचा टेम्पो घेतला. "माल भरायला आलो की फोन आपोआप लागतो. गेटपर्यंत रेंज येते."

मी त्याला विचारून फोन हातात घेतला. ब्राउझरमध्ये कारखान्याच्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचा पत्ता टाकला. लॉगिनचं पान आलं. नाव अ‍ॅडमिन, पासवर्ड खोक्यातून आला तोच. तडकलेल्या काचेवर सोळा चौकोन उघडले: कॅशियरचं टेबल, डिस्पॅचचं शटर, स्टोअरची खिडकी, जिथं हा माणूस पूर्वी बसायचा. मग फाइल बघायचं अ‍ॅप उघडलं. अकाउंटच्या कॉम्प्युटरचं शेअर फोल्डर समोर आलं, त्यात तारखेवार लावलेले टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे बॅकअप.

"हे माझ्या फोनवर होतं?" त्यानं विचारलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. उद्या काही इकडचं तिकडं झालं तर आळ आपल्यावर येईल, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. त्यानं पाच वर्षांत कीर्तनाशिवाय काही बघितलं नव्हतं. "दादा, तुमची काही चूक नाही, माझी आहे," एवढंच मला म्हणता आलं. त्याच्या देखतच फोनमधून ते नेटवर्क पुसलं आणि तसाच मालकांकडे गेलो.

त्या दुपारी राउटर उघडून बसलो. मी भरलेली ३८ची यादी १२७ची झाली होती. नावं फक्त भरली जात होती, एकही खोडलेलं नव्हतं. माणूस नोकरी सोडून जाताना कारखाना त्याच्याकडून ओळखपत्र घेतो, लॉकरची चावी घेतो, गणवेश घेतो, नो ड्यूजच्या कागदावर चार सह्या घेतो. वायफायचा रकाना त्या कागदावर नव्हता, आणि असता तरी तिथं लिहिणार काय? २२ अक्षरं एकदा फोनमध्ये गेली की ती परत कशी घेणार? पासवर्ड बदलायचा तर १२७ उपकरणांत बदलायला हवा. बारकोड स्कॅनर, प्रिंटर, मीटिंग रूमचा टीव्ही, सगळ्यांत. त्यासाठी एक दिवस काम थांबवायचं. म्हणून सात वर्षांत तो कुणी बदलला नाही. मी इतका मजबूत पासवर्ड दिला होता की तो बाहेरच्या कुणाला फोडावा लागलाच नाही. तो आम्हीच वाटत गेलो.

बाकीची दोन कुलपंही तशीच. नाव लपवलं की जोडलेले फोनच ते नाव घेऊन हाका मारत फिरतात, ऐकणाऱ्याला ते मिळतंच. मॅक अ‍ॅड्रेस हवेत उघडाच जातो, तो टिपून नक्कल करायला काही लागत नाही. शिवाय नवे आयफोन आणि अँड्रॉइड आता दर नेटवर्कला स्वतःच बनवलेला वेगळा पत्ता दाखवतात, त्यामुळे माझी यादी फक्त आतल्या माणसांना छळत होती. आणखी एक गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती, पण कधी लावून बघितली नव्हती: एकच पासवर्ड सगळ्यांकडे असेल तर डब्ल्यूपीए२ या मी बसवत असलेल्या कुलपात तो पासवर्ड असलेला माणूस शेजारच्याची जोडणी होताना टिपून त्याची वाहतूकही उलगडू शकतो. २०१८मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३नं हे आणि घरी बसून ओळखायचा प्रकार दोन्ही थोपवले. पण सगळ्यांना मिळून एक पासवर्ड असेल तर तिथंही गेलेल्या माणसाच्या खिशात तो राहतोच.

अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानसाखळीची गोष्ट मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचो. २००५मध्ये फ्लोरिडातल्या मायामीच्या एका दुकानाच्या वायफायमधून चोर शिरले आणि साडेचार कोटींहून जास्त कार्डांची माहिती गेली. मी त्यातून एवढंच सांगायचो की बघा, डब्ल्यूईपी वापरलं होतं. भोसरीहून परतताना पहिल्यांदा मला दुसरा प्रश्न पडला. एका दुकानाच्या हवेतून शिरलेला माणूस पार मॅसॅच्युसेट्सच्या मुख्य कार्यालयातल्या कॉम्प्युटरपर्यंत गेला कसा? वाटेत एकही भिंत नव्हती. भोसरीतही नव्हती. टेम्पोतला फोन, कॅमेरे आणि टॅली मी एकाच खोलीत बसवले होते.

आता मी वेगळं बसवतो. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड, तपासायला एक छोटा सर्व्हर. माणूस गेला की त्याची एक ओळ बंद करायची, बाकी कुणाला हात लावायचा नाही. फोननं सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलंच पाहिजे यावर मी अडून बसतो, नाहीतर कुणीही त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं करून पासवर्ड गोळा करेल. पाहुणे आणि ड्रायव्हर यांच्यासाठी वेगळं नेटवर्क, त्यातून फक्त इंटरनेट. कॅमेरे वेगळे. जुन्या बारकोड स्कॅनरना ही पद्धत जमत नाही, ते अजून एका पासवर्डवरच चालतात. त्यांनाही वेगळं कोंडलं आहे आणि तिथून फक्त स्टोअरचा सर्व्हर दिसतो. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देणारा हा 'एंटरप्राइझ' पर्याय २०१४लाही राउटरच्या त्याच पानावर, सगळ्यांना एकच पासवर्ड देणाऱ्या 'पर्सनल'च्या खाली होता. तो मोठ्या कंपन्यांसाठी आहे असं समजून मी दर वेळी पुढे गेलो. खर्च म्हणाल तर एक साधा कॉम्प्युटर आणि माझे दोन दिवस.

सध्या मी जुन्या डायरीतून एकेका मालकाला फोन करतो आहे. अर्धे झाले. काही जण ऐकून घेतात, काहींना वाटतं मला नवं काम काढायचं आहे, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणू शकत नाही. म्हणून जिथं मी स्वतः जुनं बसवलं तिथं बदलायचे पैसे घेत नाही. परवा चाकणच्या एका फाउंड्रीच्या मालकांनी सगळं ऐकल्यावर विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मलाच पटलेलं नव्हतं, काका."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "गुरुवारी या. सुट्टी असते. आणि सांगा, सोडून गेलेल्यांची यादी काढून ठेवायला लागेल ना?"